उभी मोटारहोम : बॅटरी आणि उंदीर हा एकच प्रश्न

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोटारहोमविषयी, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीविषयी, जे लिहिले जाते ते बहुतेक चालत्या गाडीविषयी असते. कुठे जावे, काय बरोबर न्यावे, झोपायची सोय कशी करावी. ही गाडी वर्षातला बराच काळ एका जागी उभी असते आणि तिचे मोठे नुकसान त्या उभ्या काळातच होते, याबद्दल कुणी लिहीत नाही. हंगाम सुरू झाला की दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात : बॅटरी उतरली, नाहीतर उंदरांनी वायरी कुरतडल्या. दोन्हींवर सल्ले भरपूर मिळतात, पण ते सुटे सुटे मिळतात आणि घोटाळा तिथेच होतो. बॅटरी चार्ज राहावी म्हणून बाहेरून केबल ओढली की उंदराला वाट तयार होते. उंदीर येऊ नये म्हणून सगळी भोके बुजवली की बॅटरीतला वायू बाहेर पडायची सोय बंद होते. उंदीर पळवणारे यंत्र लावले की तेच बॅटरी पिते. म्हणून दोन्हींची आखणी एकत्र करावी, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी बॅटरी. मोटारहोममध्ये त्या दोन असतात, एक इंजिन सुरू करणारी आणि दुसरी राहत्या भागाला वीज देणारी. ‘सगळे बंद केले आहे’ असे मालक सांगतात तेव्हा दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप बंद असतो. गॅसगळतीचा अलार्म मात्र चालूच असतो आणि तो एकटाच ५० ते १०० मिलिअँपिअर घेतो. रेडिओची मेमरी, फ्रिजचे कंट्रोल बोर्ड, विजेवरची पायरी, ट्रॅकर हेही थोडे थोडे घेत राहतात. इन्व्हर्टर स्टँडबायवर राहिला तर तो अर्धा ते दोन अँपिअर खातो. तो बाजूला ठेवला तरी बाकीच्यांची बेरीज १०० मिलिअँपिअरपर्यंत सहज जाते. म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास आणि तीन आठवड्यांत ५०. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यात निम्मी रिकामी होते. इंजिनाच्या बॅटरीचीही तीच गत. आताच्या गाड्यांतले इलेक्ट्रॉनिक भाग ‘झोपलेले’ असतानाही २० ते ५० मिलिअँपिअर घेतात. तीन आठवडे हा आकडा लक्षात ठेवावा, उंदरांच्या बाबतीत तो पुन्हा येणार आहे.

बॅटरी उतरलेली राहिली तर बिघडते काय? लेड-अ‍ॅसिड बॅटरीत डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट जमते. लगेच चार्ज केले तर ते परत विरघळते. आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्याचे कडक स्फटिक होतात, मग चार्जर कितीही वेळ लावला तरी ते सुटत नाहीत आणि तेवढी क्षमता कायमची जाते. बॅटरी ‘मेली’ असे ज्याला म्हणतात ते बहुधा हेच असते. थंड प्रदेशात आणखी एक धोका आहे. पूर्ण चार्ज बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले द्रव जवळजवळ पाणीच उरलेले असल्याने उणे ७-८ अंशांच्या आसपास गोठते आणि डबा फुटतो. गोठलेली बॅटरी कधीही चार्जिंगला लावू नये.

व्होल्टेज मोजताना बॅटरी काही तास स्वस्थ असावी. चार्जर काढल्या काढल्या येणारा आकडा फसवा असतो. स्वस्थ बॅटरीत १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. एजीएम, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली बॅटरी पूर्ण चार्ज असताना आकडा थोडा जास्त, १२.८ ते १२.९ येतो. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी, थांबू नये.

गाडी उभी असताना नेमका किती करंट जातो हे प्रत्येक मालकाने एकदा तरी मोजावे. सगळे बंद करून बॅटरीची ऋण वायर काढायची, मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून तो वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये जोडायचा आणि अर्धा तास थांबायचे, कारण गाडीतली मॉड्यूल्स लगेच झोपत नाहीत. मीटर जोडलेला असताना इग्निशन, पंप, पायरी यांतले काहीही चालू करू नये, मीटरचा फ्यूज जातो. इंजिनाच्या बॅटरीवर आकडा ५० मिलिअँपिअरच्या बराच वर दिसला तर एकेक फ्यूज काढून पाहावे. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो त्या वाटेवर वीज जाते आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. दरवाज्याजवळचा ‘बॅटरी ऑफ’चा स्विच सगळे तोडत नाही. बऱ्याच गाड्यांत तो फक्त एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा दुसरा स्विच, चालवतो आणि गॅस अलार्म, पायरी, कधी रेडिओसुद्धा त्याच्या आधीच थेट बॅटरीला जोडलेले असतात. खरा उपाय म्हणजे बॅटरीच्या ऋण टर्मिनलवरच हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच बसवणे, नाहीतर सरळ वायर काढणे. इंजिन बंद करून काही मिनिटे जाऊ द्यावीत, कारण काही डिझेल गाड्या बंद झाल्यावरही धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची नळी रिकामी करत असतात. मग आधी ऋण, नंतर धन काढावे. जोडताना उलट, आधी धन आणि शेवटी ऋण. छतावर सोलर पॅनेल असेल तर बॅटरीच्या आधी पॅनेल तोडावे आणि जोडताना बॅटरी आधी जोडावी. बॅटरीविना पॅनेलचे व्होल्टेज आले की पॅनेलचे काही चार्ज कंट्रोलर जळतात. गॅस अलार्मची वीज तोडायची तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधी बंद असलाच पाहिजे आणि गाडीत कुणी झोपणार असेल तर अलार्म पुन्हा चालू झाल्याशिवाय झोपू नये.

माझे स्पष्ट मत असे की दोन महिन्यांहून जास्त उभ्या राहणाऱ्या गाडीतल्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या बाहेर काढाव्यात आणि हवेशीर, थंड जागी चार्जरवर ठेवाव्यात. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी २५ ते ३० किलोची असते, ती दोघांनी उचलावी. मग पॅनेलच्या वायरी सोडल्या तर गाडीत वीज नाही, बाहेरून केबल नाही आणि कुरतडलेल्या वायरीतून ठिणगी पडण्याचा प्रश्न नाही. वाढत्या उष्णतेबरोबर बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो, दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो. त्यामुळे तापलेल्या गाडीतून ती काढणे तिच्याही हिताचे.

बॅटरी गाडीतच ठेवायची असेल तर चार्जर तीन टप्प्यांचा हवा. आधी जोरात चार्ज करणारा, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून पूर्ण भरून घेणारा आणि शेवटी १३.२ ते १३.६ च्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती तशीच राखणाऱ्या व्होल्टेजवर उतरणारा. जुन्या गाड्यांतले साधे कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवरून बॅटरी चार्ज करणारे) सतत १३.६-१३.८ वरच धरून ठेवतात आणि उकाड्यात महिनोन्‌महिने तसे राहिले की पाणी उडून प्लेटा उघड्या पडतात. तापमान वाढेल तसे फ्लोट कमी व्हायला हवे, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ ते ०.०३ व्होल्ट. हे आपोआप करणारा चार्जर तापमानाच्या सेन्सरसह घ्यावा. पाणी टाकायचे ते डिस्टिल्डच आणि चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या असतील तरच आधी त्या बुडतील इतपत टाकावे, पूर्ण नंतर भरावे. आणखी एक तपासून घ्यावे : बऱ्याच गाड्यांत बाहेरच्या विजेवर फक्त राहत्या भागाची बॅटरी चार्ज होते, इंजिनाची होत नाही. मालक महिनाभर निश्चिंत असतो आणि निघायच्या दिवशी स्टार्टर फिरत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे शास्त्र वेगळे आहे आणि लेड-अ‍ॅसिडची सवय तिला लावू नये. ती पूर्ण भरून ठेवणे उलट वाईट. साठवणीत निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून पूर्ण तोडावी. व्होल्टेजवरून तिचा साठा कळत नाही, कारण मधल्या मोठ्या पट्ट्यात आकडा जेमतेम हलतो, त्यासाठी बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा, शंटवाला मॉनिटर लागतो. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही. तसे केले तर आत धातुरूप लिथियम साचते आणि ते नुकसान भरून येत नाही. तिच्यातले संरक्षक सर्किट स्वतःही थोडी वीज घेते, त्यामुळे दोनतीन महिन्यांनी पाहावे. फारच उतरली तर सर्किट बॅटरी तोडून टाकते आणि साध्या चार्जरला ती ‘दिसत’च नाही.

दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालवण्याची पद्धत सोडून द्यावी. आयडलवर ऑल्टरनेटर फारसे देत नाही, स्टार्ट करताना गेलेलेही धड भरून निघत नाही आणि सायलेन्सरमध्ये व तेलात पाणी साचते. चालवायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवावी.

आता उंदीर. घरातल्या लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे पेन्सिल जाते तिथून तो जातो. मोठ्याला साधारण १२ मिलिमीटर. मोटारहोमच्या तळाला अशी भोके किती असतात ते गाडीखाली आडवे झाल्याशिवाय कळत नाही. वायरींचे जुडगे, पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळ्या, गॅसची नळी, हीटरचे डक्ट. कारखान्यात भोक नळीपेक्षा मोठे पाडतात आणि उरलेली फट मऊ फोमने भरतात किंवा तशीच सोडतात. वायर जिथून आत शिरते तिथूनच उंदीर आत शिरतो आणि पहिले दात त्याच वायरीला लावतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, कुरतडणे त्याला थांबवता येत नाही.

फटी शोधायची सोपी रीत : अंधारात गाडीखाली प्रखर दिवा लावावा, आतले दिवे बंद करून सगळी कपाटे, पलंगाखालचे कप्पे आणि सिंकखालची जागा उघडावी आणि प्रकाश कुठून येतो ते पाहून खडूने खूण करावी. शिवाय केबल गुंडाळून ठेवायच्या कप्प्याची झडप, सरकत्या भिंतीचे रबर आणि पेडलांच्या मागची जागा हाताने चाचपावी. सांडपाण्याची टाकी रिकामी करून व्हॉल्व्ह उघडा ठेवणारे अनेक जण आहेत. ती नळी थेट आत जाते, तिला टोपण लावावे.

बुजवताना नुसता फुगणारा फोम वापरू नये, तो उंदीर सहज पोखरतो. तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची लोकर फटीत घट्ट कोंबावी आणि वरून सीलंट लावावे. साधी स्टील वूल गंजून भुगा होते. धातूची लोकर वीज वाहते, म्हणून टर्मिनल आणि उघड्या जोडांपासून ती दूर ठेवावी, आणि वायरींच्या जुडग्याभोवती आधी रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारे कडे, बसवावे, नाहीतर तारेच्या कडांनीच इन्सुलेशन घासले जाते. मोठ्या तोंडांना ६ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक छिद्रांची वेल्डेड जाळी स्क्रूने बसवावी.

सगळ्यांत जास्त काळजी इथे घ्यायची आहे. गाडीतली काही भोके मुद्दाम ठेवलेली असतात. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळातून बाहेर पडावा म्हणून जमिनीलगत भोके असतात. बॅटरीच्या कप्प्यातला हायड्रोजन वरून निघावा म्हणून नळी असते. फ्रिजच्या मागे आणि हीटरच्या धुराड्याला हवा लागते. यांतले एकही सीलंटने बंद करायचे नाही. तळातल्या आणि फ्रिजच्या मागच्या भोकांना जाळी चालेल, पण तिच्यावर धूळ आणि जळमटे साठू देऊ नयेत. हीटरच्या धुराड्यावर घातलेले झाकण फक्त उभ्या काळापुरते असावे, आणि ते काढल्याशिवाय हीटर लावायचा नाही अशी ठळक चिठ्ठी हीटरच्या बटणावरच चिकटवावी. बंद धुराड्यातून कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो.

बाहेरून वीज घ्यावीच लागत असेल तर केबल झडपेतून अर्धवट बाहेर ठेवू नये, गाडीच्या अंगावर बंद होणारा सॉकेट बसवून घ्यावा. खांबावरून छताला टेकलेली केबल म्हणजे उंदरासाठी सरळ पूलच. ती जमिनीवरून आणून खालून जोडावी. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, हवाच, कारण कुरतडलेली मेन्सची वायर गाडीच्या धातूला लागली तर दाराचे हँडलही शॉक देते. बॅटरी तोडली तरी दिवसाउजेडी सोलर पॅनेलच्या वायरी जिवंत असतात हेही विसरू नये. छतावरून येणारी ती वायर कपाटामागून जाते आणि तीच जागा उंदरांच्या आवडीची. पॅनेलजवळ फ्यूज किंवा स्विच नसेल तर बसवून घ्यावा. गाडीवर कापडी आच्छादन घालणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे : आच्छादनाखाली पॅनेल काहीही चार्ज करत नाही आणि उंदरांना मात्र आडोसा मिळतो.

उंदीर पळवण्याच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. अल्ट्रासोनिक यंत्रांचा, माणसाला ऐकू न येणारा आवाज कपाटाच्या दारापलीकडे जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना त्यांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार लागेल अशी ताकीद दिली होती. पुदिन्याचे तेल काही दिवसांत उडून जाते. डांबराच्या गोळ्यांनी उंदीर हटेल याचा भरवसा नाही, गाद्यांना लागलेला वास मात्र कित्येक महिने राहतो आणि त्या बंद जागेत श्वास माणसांनीच घ्यायचा असतो. विष गाडीत अजिबात ठेवू नये. रक्त गोठू न देणारी विषे काही दिवसांनी मारतात, तोवर उंदीर भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो, आणि बाहेर मेला तर त्याला खाणारे घुबड किंवा मांजरही विषबाधेने मरते.

त्यापेक्षा साधा चाप बरा. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचे टोक भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेनेच चालतो. दोनतीन मीटरवर एक असे ठेवावेत. आमिष वाटाण्याएवढेच, जास्त असले तर चाप न उडवता ते खाऊन जातो. लहान उंदीर नव्या वस्तूकडे लगेच येतो, मोठा बिचकतो, त्याच्यासाठी चाप काही दिवस न ताणता आमिषासह ठेवावा आणि मग ताणावा. गाडीतले सगळे खाण्याचे पदार्थ, साबण, मेणबत्त्या, टूथपेस्ट बाहेर काढावे. बंद पाकिटेही काढावीत. टिश्यूचे रोल आणि पांघरुणे काढावीत, ती घरट्याला लागतात. कपाटांची दारे आणि खण उघडे ठेवावेत, गाद्या उभ्या कराव्यात. गाडीभोवती मीटरभर जागा गवताविना खडीची ठेवावी आणि छतावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. बॉनेट किंचित उघडे ठेवले तर इंजिनवरची जागा अंधारी राहत नाही, पण मग बॉनेटखालचा दिवा काढून ठेवावा, नाहीतर तोच बॅटरी उतरवतो.

आणि आता तो तीन आठवड्यांचा आकडा. घरातल्या उंदराची गर्भधारणा १९ ते २१ दिवसांची असते, एका वेळी पाच ते आठ पिल्ले होतात आणि ती दीड महिन्यात स्वतः प्रजननक्षम होतात. एक मादी शिरली आणि दोन महिने कुणी पाहिले नाही तर गाडीत वसाहत होते. बॅटरी निम्मी व्हायलाही साधारण तीनच आठवडे लागतात. म्हणून काहीही झाले तरी तीन आठवड्यांच्या आत गाडी उघडावी आणि चाप बसवले असतील तर आठवड्यातून एकदा. व्होल्टेज मोजावे, चाप पाहावेत, सिंकखाली, फ्रिजच्या मागे आणि एअर फिल्टरच्या डब्यात टॉर्च मारून पाहावे. ताज्या लेंड्या काळ्या आणि मऊ असतात, जुन्या राखाडी होऊन चुरतात. आधीच्या खेपेला पुसून घेतले असेल तर फरक लगेच कळतो.

लेंड्या दिसल्या तर कोरडे झाडू नये आणि व्हॅक्यूम क्लीनर लावू नये. त्या धुळीतून हंताविषाणू श्वासात जाऊ शकतो, मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. दारे-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवून बाहेर थांबावे, रबरी हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे ताजे मिश्रण फवारून पाच मिनिटे भिजू द्यावे आणि कागदी रुमालाने पुसून बंद पिशवीत टाकावे. हे मिश्रण वायरींच्या जोडांवर फवारू नये, तिथे ओल्या फडक्याने पुसावे.

कुरतडलेल्या वायरीला नुसती टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. ओल आत शिरून तांबे हिरवे पडते आणि बिघाड काही महिन्यांनी पुन्हा येतो. खराब तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर क्रिम्प करावी, म्हणजे धातूच्या जोडात दाबून बसवावी, आणि गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक नळी चढवावी. एकमेकींभोवती पीळ दिलेल्या जोडवायरी असतील तर दुरुस्तीनंतरही पीळ कायम ठेवावा. एअरबॅगच्या, म्हणजे बहुधा पिवळ्या आवरणातल्या वायरींना स्वतः हात लावू नये. एक वायर कुरतडलेली दिसली की त्या जुडग्याची दोन्ही टोके तपासावीत. गॅसच्या रबरी नळीलाही उंदीर सोडत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सिलिंडर उघडल्यावर, काहीही पेटवण्याआधी, सगळ्या नळ्यांना आणि जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. हीटर लावण्याआधी ब्लोअर आणि धुराड्यात घरटे नाही ना याची खात्री करावी.

हे सारे मालकांनी करायचे. पण काही गोष्टी गाडी बनवणाऱ्यांच्याच हातात आहेत आणि आपल्या वृत्तपत्राने त्यांच्याकडे त्या मागाव्यात अशी विनंती आहे. गाडी उभी असताना किती मिलिअँपिअर जातात हा आकडा माहितीपुस्तिकेत छापावा. ‘बॅटरी ऑफ’ लिहिलेल्या स्विचने खरोखर सगळे तुटावे, आणि जे तुटत नाही त्याची यादी स्विचशेजारी चिकटवावी. तळातल्या प्रत्येक भोकाला कारखान्यातच ग्रॉमेट आणि जाळी बसवावी. गाडी पूर्ण बांधून झाल्यावर तिथे हात पोहोचवण्यासाठी निम्मे फर्निचर सोडवावे लागते, बांधताना ते काही मिनिटांचे काम आहे.

आपला,
मोटारहोमच्या विद्युत दुरुस्तीचे काम करणारा एक वाचक